'चेक'च्या मागावर: एका इंग्रजी शब्दाचं मूळ घरबसल्या कसं शोधावं

भाषांतराची कामं नुकती घ्यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. एका अमेरिकन कथेत नवरा-बायको हॉटेलात जेवायला जातात, जेवता जेवता भांडतात, आणि नवरा चिडून वेटरकडे 'चेक' मागतो. मी सरळ लिहिलं, 'त्याने धनादेश मागितला.' हस्तलिखित परत आलं तेव्हा धनादेशाभोवती लाल शाईचं गोल होतं आणि समासात संपादकांचं अक्षर: 'बिल! बाई, बिल!' त्याच वेटरचा 'चेक्ड' शर्ट मी 'तपासलेला शर्ट' केला नव्हता, एवढंच काय ते माझ्या जमेला.

त्या रात्री शब्दकोश काढून बसले. चेक म्हणजे थांबवणे. आवरणे. पडताळणे. बरोबरची खूण. बिल. सामानाची पावती. धनादेश. चौकडी. बुद्धिबळातला शह. नऊ-दहा अर्थ वहीत उतरवले, घोकले आणि आठवड्याभरात विसरले. यादी डोक्यात राहत नाही, कारण तिच्यात एका अर्थाचा दुसऱ्याशी काही संबंध दिसत नाही. पुढे हळूहळू कळलं की अर्थ घोकायचे नसतात. शब्द कुठून निघाला ते बघायचं आणि त्याच्या मागून चालायचं, म्हणजे अर्थ एकातून एक निघताना दिसतात. ते कसं करायचं ते इथे पायरीपायरीने सांगते. एक वही, फोन आणि एक मोकळी संध्याकाळ एवढ्यावर भागतं. नमुन्याला माझ्या फजितीचाच शब्द घेऊ.

पहिली पायरी: कोश उघडायच्या आधी कान उघडा

शब्द आपल्या आसपास कसकसा वापरतात ते आधी लिहून काढा. कोश आधी उघडला की त्याचे कप्पे डोक्यात बसतात आणि मग त्या कप्प्यांबाहेरचं काही सुचत नाही. माझ्या वहीत हे आलं:

चेक वटला. चेक बाउन्स झाला. पुढच्या डब्यात चेकिंग चालू आहे. बीपी चेक करून घ्या. चेक्सचा शर्ट. हॉटेलात बाराला चेक-इन. चेकलिस्ट. चेकमेट. मुलुंड चेकनाका. चेक प्रजासत्ताक.

यातल्या चेकनाक्यापाशी जरा थांबा, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे. दहिसरचा काय, मुलुंडचा काय, मुंबईच्या वेशीवर जकातीसाठी ट्रक अडवायची ही ठिकाणं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईतली जकात गेली. रिक्षावाल्याला मात्र आजही 'चेकनाका' एवढंच सांगितलं तरी पुरतं.

दुसरी पायरी: स्पेलिंग लावून घ्या

हे आपल्यालाच करावं लागतं, इंग्रजाला नाही. देवनागरीत आपण उच्चार लिहितो, त्यामुळे इंग्रजीत वेगवेगळे दिसणारे शब्द आपल्याकडे एकाच साच्यात पडतात. वरच्या यादीतल्या 'चेक'ची इंग्रजी स्पेलिंगं तीन आहेत. तपासणीचा आणि चौकडीचा चेक सी-एच-ई-सी-के. बँकेचा चेक आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये सी-एच-ई-क्यू-यू-ई. आणि प्राग शहराच्या देशाचा चेक सी-झेड-ई-सी-एच.

तिसरा लगेच बाजूला काढा. ते एका स्लाव लोकसमूहाचं नाव आहे. त्याचा तपासणीशी, शर्टाशी किंवा बँकेशी काडीचाही संबंध नाही.

दुसऱ्याला मात्र घाईने हाकलू नका. स्पेलिंग वेगळं म्हणजे मूळ वेगळं असं नसतं, आणि स्पेलिंग एक म्हणजे मूळ एक असंही नसतं. 'डेट' घ्या. तारीखही डेट आणि खजूरही डेट, अक्षरं तीच. तारखेची डेट लॅटिनच्या 'दाता'पासून आली. दाता म्हणजे दिलेलं, कारण पत्राच्या शेवटी 'अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिलं' असं लिहायची रोमन पद्धत होती. खजुराची डेट ग्रीक 'दाक्तिलोस' म्हणजे बोट या शब्दापासून निघाली. खजूर दिसतो बोटाच्या पेरासारखा, म्हणून. घरं दोन, उंबरठा एक. बँकेच्या चेकचं याच्या बरोबर उलटं आहे. उंबरठे दोन, घर एकच. पण ते आत्ताच माझ्या सांगण्यावरून मान्य करू नका, पुढे पुरावा येतो.

तिसरी पायरी: सगळ्यात म्हातारा अर्थ शोधा

आता कोश उघडा. साधा अर्थ देणारा नको, व्युत्पत्ती आणि साल देणारा हवा. इंग्रजीसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश हे शेवटचं न्यायालय. त्याची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ अशी चव्वेचाळीस वर्षं भागाभागाने निघत होती. प्रत्येक अर्थाखाली तो अर्थ लिखाणात पहिल्यांदा कधी सापडतो त्याचा दाखला असतो. तो वाचायला पैसे पडतात, पण मोठ्या ग्रंथालयात बघायला मिळतो. फुकटात काम भागवायचं तर डग्लस हार्पर यांचं एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ नवशिक्याला पुरेसं आहे.

नोंद वाचताना नवा माणूस पहिल्या ओळीतला अर्थ घेतो आणि निघतो. तसं करू नका. नजर सालांवर ठेवा. प्रत्येक अर्थापुढचं साल वहीत लिहा आणि यादी सालाप्रमाणे लावा. 'चेक'ची लावली तर साधारण असं दिसतं: चौदाव्या शतकात बुद्धिबळाचा शह. त्याच्या आगेमागे चौकटींचा पट. मग अडथळा, रोखणे, आवरणे. सतराव्या शतकाच्या शेवटाला पडताळून पाहणे. अठराव्याच्या सुरुवातीला बँकेचा कागद. हॉटेलचं बिल थेट एकोणिसाव्या शतकातलं, अमेरिकेतलं.

म्हणजे ज्याला आज आपण 'मूळ अर्थ' समजतो ते तपासणे बरंच उशिरा जन्मलं. सगळ्यात म्हातारा आहे शह.

शहाच्या इंग्रजी दाखल्यांत चॉसर या कवीची १३७० च्या आसपासची एक कविता आहे. तिच्यात दैव कवीच्या नायकाशी बुद्धिबळ खेळतं आणि त्याला मात देतं. हाच चॉसर १३७४ पासून लंडन बंदरात जकातीचा कंट्रोलर होता. शब्दांचा नाद असलेल्याला अशा गोष्टी पुरतात!

चौथी पायरी: शब्द जिथे जन्मला तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा

अर्थ सापडला तरी प्रसंग दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा माझा नियम. इथे प्रसंग सोपा आहे, कारण तो आपल्या घरातलाच आहे. दोघं बुद्धिबळ खेळताहेत. एकाने घोडा अशा घरात आणला की पुढच्या चालीला समोरचा राजा मारला जाईल. शिष्टाचार असा की हे तोंडाने सांगायचं. तो म्हणतो, 'शह!'

फारसीत 'शाह' म्हणजे राजा. 'शाह!' म्हणजे 'राजा! राजाला सांभाळ!' चतुरंग भारतातून इराणात गेलं, तिथे त्याचं चतरंग झालं, अरबांकडे शतरंज झालं आणि त्यांच्या हातून ते युरोपात पोचलं. खेळाबरोबर ही आरोळीही गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ती 'स्काकुस' झाली, जुन्या फ्रेंचमध्ये 'एश्चेक' आणि इंग्रजीत 'चेक'. त्या फ्रेंच शब्दाचं अनेकवचन 'एश्चेस'. त्याचं इंग्रजीत झालं 'चेस'. म्हणजे चेस आणि चेक ही एकाच शब्दाची दोन वचनं.

आता शह बसल्यावर काय होतं ते बघा. समोरच्याने मनात कितीही मोठा डाव रचलेला असो, तो तिथल्या तिथे थांबतो. आधी राजा वाचवायचा, बाकी सगळं नंतर. यातूनच 'अचानक अडवणे, रोखणे' हा अर्थ निघाला. एखाद्याला 'चेकमध्ये ठेवणे' म्हणजे त्याच्यावर कायमचा शह ठेवणे.

आणि रोखण्यातून तपासणं कसं निघालं? आता चेकनाक्यावर जाऊ. ट्रक आला, आडवा बांबू खाली आला, ट्रक थांबला. हा जुना चेक. मग कारकून कागद घेऊन खाली उतरला, बिल्टीवरचा माल आणि मागचा माल ताडून पाहिला. हा नवा चेक. अडवायचं ते ताडून बघण्यासाठी, आणि ताडून बघायचं ते लबाडी अडवण्यासाठी. दोन्ही कामं एकाच जागी, एकाच माणसाने केली की शब्द एका कामावरून दुसऱ्यावर सहज घसरतो. इंग्रजीतला 'कंट्रोल' हाही असाच. तो फ्रेंच 'कोंत्र-रोल'पासून आला, म्हणजे पडताळ्यासाठी ठेवलेली दुसरी, जोडवही. ताडून बघण्यापासून सुरुवात झाली आणि ताब्यात ठेवण्यावर गाडी गेली. चेक उलट दिशेने आला.

हॉटेलचं बिल आणि सामानाची पावती यांना दोन ओळी पुरेत. ताडून पाहण्यासाठी दिलेला बिल्ला किंवा चिठ्ठी, तीही 'चेक'. अमेरिकेत टोपी, कोट, ट्रंक जमा केली की असा चेक मिळे. खाणावळीत काय काय खाल्लं त्याची चिठ्ठीही त्याच रांगेत बसली. माझ्या फजितीचा खुलासा एवढाच.

पाचवी पायरी: फांद्या फुटतात ती जागा शोधा

शहाच्या मागे आलो, पण चेक्सच्या शर्टाचं काय? तो रोखत नाही, तपासत नाही. इथे नवशिक्याला वाटतं की हा दुसराच शब्द असणार. तसं नाही. फांदी अर्थाला नाही, वस्तूला फुटली आहे. ज्या पटावर 'चेक' खेळायचा तो चौकटींचा पट म्हणजे 'चेकर', आणि तशा चौकटींचं कापड तेही चेकर, पुढे तुटून चेक. आपण 'चौकडीचा शर्ट' म्हणतो तेव्हा घरं मोजतो, इंग्रज पट आठवतो. पोर्तुगीजमध्ये तर बुद्धिबळाला आणि चौकडीच्या कापडाला 'शाद्रेज' हा एकच शब्द आहे. तो शतरंजवरून आला, म्हणजे पार मागे गेलं तर आपल्या चतुरंगावरून. लिस्बनचा माणूस चौकडीचा शर्ट घालतो तेव्हा त्याच्या अंगात 'चतुरंग' असतं आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

याच पटाच्या फांदीवर सगळ्यात मोठं फळ आहे, आणि इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

बाराव्या शतकातलं इंग्लंड. राजाचा वसूल गोळा करणारे शेरीफ वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकेलमस या सप्टेंबरअखेरच्या सणाला, हिशोब द्यायला येत. आकडे रोमन. त्यांत शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. रोमन आकड्यांत हातचा घेऊन बेरीज करून बघा, मग कळेल काय हाल होते ते. त्यामुळे हिशोब कागदावर नाही, टेबलावर होई. रिचर्ड फिट्झनील हा राजाचा खजिनदार. त्याने ११७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या खात्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. टेबल सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद. कडेने चार बोटं उंच काठ, म्हणजे वरचं काही खाली पडायला नको. त्यावर ईस्टरला विकत घेतलेलं काळं कापड, आणि त्या कापडावर वीत-फुटाच्या अंतराने रेघा. रेघांमधल्या रकान्यांत मोजायच्या सोंगट्या ठेवायच्या. एक रकाना पेन्सचा, पुढचा शिलिंगांचा, मग पौंडांचा, विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. शेरीफने किती द्यायचे ते वरच्या ओळीत, किती आणले ते खालच्या ओळीत. अक्षरशत्रूलाही दिसावं की किती बाकी आहे.

या टेबलाचं लॅटिन नाव 'स्काकारियुम', म्हणजे बुद्धिबळाचा पट. फिट्झनीलने कारण दिलं आहे ते नुसतं चौकटींचं नाही. पटावर जशी दोन राजांची लढाई चालते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ या दोघांची चालते आणि बाकीचे भोवती बसून निवाडा करतात, असं तो म्हणतो. त्या टेबलावरून खात्याचं नाव पडलं एक्सचेकर. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चान्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. मराठीत सांगायचं तर, पटाचा कारभारी.

पैसे भरल्याची पावती म्हणून इथे लाकडाची काठी मिळे. तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या आणि ती उभी चिरायची. मोठा तुकडा भरणाऱ्याला, लहान खात्याकडे. वाद झाला तर दोन तुकडे जोडून बघायचे. खाचा जुळल्या तर खरं. या लहान तुकड्याला 'फॉइल' म्हणत, आपल्या चेकबुकातल्या काउंटरफॉइलमध्ये तो शब्द अजून आहे. अशा जुन्या काठ्यांचे ढीग १६ ऑक्टोबर १८३४ ला लंडनच्या पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतले, आणि त्या आगीत पार्लमेंटची इमारतच जळाली.

आता बँकेच्या चेकचा पुरावा. अमुकाला इतके पैसे द्या, असा बँकरला लिहिलेला कागद इंग्लंडात 'चेक' या नावाच्या आधीपासून आहे. १६ फेब्रुवारी १६५९ चा, लंडनमधल्या एका पेढीवर लिहिलेला चारशे पौंडांचा असा कागद आजही जपलेला आहे. 'चेक' शब्द बँकेत येतो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तोही आधी काउंटरफॉइलसाठी. कागदाचा अर्धा भाग आपल्याकडे ठेवायचा, म्हणजे खोट्या कागदाला आळा बसेल, रकमेत कोणी खाडाखोड केली तर ताडून बघता येईल. आळा घालणारा तो चेक. मग असं काउंटरफॉइल असलेला सगळाच कागद चेक झाला. स्पेलिंग तोवर सी-के वालंच होतं. क्यू-यू-ई ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात रुजलं, एक्सचेकरच्या धर्तीवर. अमेरिकेने जुनंच ठेवलं. म्हणून मघाशी म्हटलं, उंबरठे दोन आणि घर एक.

सहावी पायरी: उच्चार पटतो का ते बघा

अर्थाची साखळी जुळली म्हणून नाचायचं नाही. अर्थ कुठलाही कुठेही जोडता येतो. कुठल्या भाषेत कुठला आवाज काय होतो ते ठरलेलं असतं, आणि तिथेच हौशी व्युत्पत्तीचं पितळ उघडं पडतं.

'शाह'चं 'चेक' कसं झालं? शेवटचा 'ह' लॅटिन तोंडाला पेलेना, त्याचा 'क' झाला, सुरुवातीच्या 'श'चा 'स्क'. फ्रेंचांना शब्दाच्या सुरुवातीचा 'स्क', 'स्त' जड जाई, ते आधी एक 'ए' लावत. याचं नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही 'इस्टेशन' आणि 'इस्कूल' म्हणणारी माणसं होती आणि आहेत. स्काकुसचं एश्चेक झालं ते असं. आणि लॅटिन 'का'चा जुन्या फ्रेंचमध्ये 'च' होतो, हा तर पक्का नियम: 'कामेरा'ची 'चेंबर' याच वाटेने झाली. इंग्रजीत येताना पुढचा 'ए' गळाला आणि चेक उरला. एक्सचेकरमध्ये तो गळाला नाही. उलट कुणा पंडिताला वाटलं की हा लॅटिन 'एक्स' असणार, म्हणून त्याने तिथे 'क्ष'चा आवाज घुसडला. चूक होती, पण खात्याच्या पाटीवर चढली आणि राहिली.

प्रत्येक पायरीला असा दुसरा शब्द साक्षीला मिळाला पाहिजे. साक्षीदार नसेल तर त्या पायरीपुढे वहीत प्रश्नचिन्ह ठेवा.

सातवी पायरी: गोड गोष्टीवर संशय घ्या

फोनवर शोधायला लागलात की पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला कळेल की चेक हा अरबी 'सक्क'वरून आला. सक्क म्हणजे पैसे देण्याची लेखी चिठ्ठी, अरब व्यापारी ती वापरत, आणि सक्कचा चेक झाला. ही गोष्ट दिसायला फार देखणी आहे. आवाज जवळचा, काम तेच. मी स्वतः ती वर्षभर लोकांना सांगितली आहे.

पण आपल्या पायऱ्यांवरून चालवून बघा. सक्क म्हणजे पैसे देण्याचा हुकूम. मग इंग्रजीतला बँकेचा पहिला 'चेक' हुकूम का नाही, काउंटरफॉइल का? अरब आणि इंग्लंड यांच्या मध्ये इटालियन आणि स्पॅनिश व्यापारी होते. शब्द त्यांच्या हातून आला असता तर त्यांच्या भाषेत सापडायला हवा. इटालियनमध्ये चेकला 'असेन्यो' म्हणतात, आणि स्पॅनिशमधला चेक इंग्रजीतून उसना घेतलेला आहे. मधल्या चार-पाचशे वर्षांत एकही कडी नाही. लेखी चिठ्ठीवर पैसे देण्याची चाल अरबांकडे इंग्लंडच्या आधी होती हे खरं, आपल्याकडे हुंडी होतीच. पण चाल आधीची म्हणून नावही तिचंच, असं होत नाही.

तीच काळजी घराजवळही घ्या. 'शहा' आडनाव दिसलं की लगेच इराणचा बादशहा आठवायचा नाही. गुजराती व्यापाऱ्यांचं शाह हे संस्कृत 'साधु', प्राकृत 'साहु' या वाटेने आल्याचं मानतात. आपला 'चोर की साव'मधला साव त्याच वाटेवरचा.

आठवी पायरी: बाप कोण आणि चुलतभाऊ कोण, ते वेगळं लिहा

शाह हा शब्द तरी कुठला? जुन्या फारसीत राजाला 'ख्शायथिय' म्हणत. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहु, म्हणजे पहिला दारियस, आपल्या लेखात स्वतःला 'राजांचा राजा' म्हणवतो. त्याच घडणीचा पुढे शाहनशाह झाला, आपला शहेनशहा. या शब्दाच्या मुळाशी 'राज्य करणे' हा धातू आहे, आणि संस्कृतातल्या 'क्षत्र'शी त्याचं नातं आहे. 'क्षत्रप'ही इराणीच, म्हणजे राज्य राखणारा. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखात नहपान क्षत्रपाचं नाव कोरलेलं आहेच.

इथे उत्साहाच्या भरात 'इंग्रजी चेक संस्कृत क्षत्रियापासून आला' असं लिहून मोकळे होणारे खूप आहेत. तसं लिहू नका. चेकचा बाप फ्रेंच एश्चेक, आजा लॅटिन स्काकुस, पणजा फारसी शाह. क्षत्रिय हा त्या पणज्याच्या घराण्यातला दूरचा चुलत. कोशात यासाठी शब्दच वेगळे असतात. 'अमुकापासून' म्हटलं असेल तर वंश, 'अमुकाशी सजातीय' म्हटलं असेल तर भाऊबंदकी. एखाद्या रूपाच्या डोक्यावर तारा छापलेला असेल तर समजा की ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी अंदाजाने बांधलं आहे. मी वहीत वंशाला सरळ रेघ आणि भाऊबंदकीला तुटक रेघ ओढते.

नववी पायरी: मराठीत परत या

इथे आलात की पहिल्या यादीकडे पुन्हा बघा, आणि आपल्या भाषेत त्या शब्दाचं सख्खं कोणी आहे का ते शोधा. यासाठी मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतो. फारसीतून आलेल्या शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा फार्सी-मराठी कोश (१९२५), आणि एकूण मुळांसाठी कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्ति कोश (१९४६).

'शाह' आपल्याकडे दोनदा आला. एकदा फारसीतून थेट: शह, शह देणे, काटशह. निवडणुकीच्या बातम्या तर शह-काटशहावरच चालतात. आणि एकदा पार युरोपला वळसा घालून, इंग्रजांच्या बोटीतून: चेक, चेकिंग, चेकनाका. 'मात'ही तसाच. 'शाह मात'मधल्या मातचा अर्थ अरबी धरला तर 'मेला', फारसी धरला तर 'हतबल झाला'. बुद्धिबळात राजा कधी मारत नाहीत, कोंडतात, म्हणून मला दुसरा अर्थ पटतो. इंग्रजीत त्याचा 'चेकमेट'मधला 'मेट' झाला. आपण मात्र आजारावर मात करतो, परिस्थितीवर मात करतो, आणि समोर पट आहे याची आठवणही राहत नाही.

भाषांतराला याचा रोकडा फायदा होतो. 'त्यांनी एकमेकांना चेकमध्ये ठेवलं' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं तर आता मी 'नियंत्रणात ठेवलं' लिहून मोकळी होत नाही. दोन पुढारी असतील तर 'एकमेकांना शह देत राहिले' लिहिते. सासू-सुना असतील तर 'एकमेकींना वचकून होत्या.' आणि हॉटेलातला चेक आला की बिल.

पुढच्या संध्याकाळसाठी 'फॅन' घ्या. आधी वहीत लिहा: छताचा फॅन, क्रिकेटरचा फॅन. स्पेलिंग एकच आहे, तिथे फसू नका. छतावरच्या फॅनच्या मागे गेलात की लॅटिनमध्ये धान्य पाखडायचं सूप सापडेल. दुसऱ्याच्या मागे गेलात की देवळात पोचाल.